पाचव्या मजल्यावरचा परका हात

८ जानेवारी, गुरुवार

हे कंट्रोल रूमच्या रजिस्टरमध्ये लिहिता येण्यासारखं नाही, म्हणून घरातली कोरी वही काढली. आमच्या हॉस्पिटलमध्ये कोणीतरी शिरतंय! दारातून नाही, तारेतून.

नीट लिहिते. आज रात्रपाळीवाल्याला लवकर निघायचं होतं, म्हणून मी साडेसातऐवजी पावणेसहालाच पोचले. थर्मासमधला चहा ओतला, समोरच्या पडद्यावर पाचवा मजला उघडला आणि चहा तसाच राहिला. पाचव्यावर नवजात बाळांचा कक्ष आहे. तिथल्या गरम पाण्याच्या व्हॉल्व्हशेजारी पिवळा हात!

आमच्याकडे आठही मजल्यांची हवा, गरम पाणी, दिवे, दारं सगळं एका सॉफ्टवेअरवर आणि वेळापत्रकाने चालतं. माणसाने मध्ये पडून एखादा हुकूम दिला, की त्या यंत्राशेजारी पिवळा हात उमटतो. हाताचा हुकूम वेळापत्रकाच्या वर. तो आपणहून जात नाही, ज्याने हात ठेवला त्यानेच आठवणीने काढायचा, अशी रीत. आणि काढायला विसरण्याचं पाप आम्ही सगळेच करतो. मी गेल्या वर्षी कँटीनच्या धुराच्या पंख्यावर हात ठेवून चार महिने विसरले होते. बेअरिंग जळून वास सुटला तेव्हा उजेड पडला.

पण आज तर खोलीत मी एकटी, आणि हात माझा नाही. रात्रपाळीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "तो होय? तो रोजच असतो. मला वाटलं, तुम्हा दिवसपाळीवाल्यांचा असेल." हा तीन महिन्यांपूर्वी आलाय, आधीच्याने त्याला हेच सांगितलं असणार, आणि त्याच्या आधीच्याने त्याला. आम्हा दिवसपाळीवाल्यांना तर पत्ताच नाही, कारण सात वाजून दहा मिनिटांनी हात गायब! व्हॉल्व्ह गुपचूप वेळापत्रकावर परत. मी उठून टाळीच वाजवली. चोर पुष्कळ ऐकलेत, पण जाताना दार लावून घेणारा चोर हा पहिलाच.

जेवताना घरी सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "सॉफ्टवेअर कंपनीचाच कोणी असेल." बाबा, म्हणजे माझे सासरे, याच हॉस्पिटलात एकतीस वर्षं हवा-पाण्याचे हेड मिस्त्री होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांनी फक्त विचारलं, "तू किती वाजता गेली होतीस?" मी म्हटलं, पावणेसहाला. "इतक्या लवकर जात जाऊ नकोस. गारठा असतो." बाबांना माझी फार काळजी.

९ जानेवारी, शुक्रवार

मुद्दाम साडेपाचलाच गेले. पाच चाळीसला हात उमटला! सात दहाला गेला. नोंदी उघडून पाहिल्या. आत येणाऱ्याचं नाव 'सेवा', म्हणजे कंपनीच्या दुरुस्तीवाल्यांचं खातं. मागे मागे गेले, एकही दिवस सुटलेला नाही. रविवारसुद्धा नाही. रोज तीच वेळ, तोच व्हॉल्व्ह, सत्तर टक्के. नोंदी वर्षभराच्याच राहतात, नाहीतर अजून मागे गेले असते.

हा कशाची रंगीत तालीम करतोय? काल रात्री झोप लागली नाही, आणि खरं सांगायचं तर भीतीने नाही. दोन वर्षं या खुर्चीत बसून मी फिल्टर बदलायची पत्रकं भरतेय. आज पहिल्यांदा वाटलं, की मला काहीतरी येतं.

११ जानेवारी, रविवार

सुटी. बाबांना लॅपटॉपवरची अक्षरं मोठी करून दिली. लेकीचा जुना लॅपटॉप त्यांना दिल्यापासून पहाटे पाचला उठून दार लावून पत्ते खेळत बसतात. मागे भाचीच्या लग्नाला गेलो तर तिथेही लॅपटॉप पिशवीत. व्यसनच! पण त्यांनी तरी वेळ कसा घालवायचा? हॉस्पिटलचा विषय काढला की "ते सोडलं" म्हणून उठून जातात. नव्या सिस्टीमवर राग असणार. एरवी या प्रकरणात त्यांचा उपयोग झाला असता, सगळे पाइप तोंडपाठ आहेत त्यांना. पण कॉम्प्युटरमधलं त्यांना काय समजावणार.

१२ जानेवारी, सोमवार

कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. आम्ही त्याला टायवाला म्हणतो, कारण तो बॉयलरच्या खोलीतही टाय घालून येतो. येतो म्हणजे वर्षातून एकदा. बाकी नऊ इमारतींचा कारभार ऑफिसात बसून, उंटावरून शेळ्या हाकतो.

"मॅडम, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक नाही."

"मग हा 'सेवा' कोण?"

"आमचं कोणी तुमच्या पाचव्या मजल्याला रोज पहाटे कशाला हात लावेल? आम्ही दहाला येतो ऑफिसला."

"त्या खात्याचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

तो खाकरला. "नऊही इमारतींना एकच आहे. बसवला तेव्हापासूनचा. लक्षात ठेवायला बरा पडतो."

मी फोन ठेवून बाहेर फाटकाशी बाकावर जाऊन बसले आणि स्वतःच्या मोबाइलवर आमच्या सिस्टीमचं लॉगिनचं पान उघडायचा प्रयत्न केला. उघडलं! आतलं नेट नाही, काही नाही, रस्त्यावर बसून! कोणीही उघडू शकतो. आणि एकदा आत शिरलं, की प्रत्येक यंत्राच्या डब्याला जो हुकूम मिळेल तो पाळायचा, एवढंच ठाऊक. कोण तू, कुठून आलास, काही विचारत नाही. माझ्या बोटांना घाम फुटला होता. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "रिपोर्ट वाईट आला का?" मी म्हटलं, "नाही हो, फार चांगला आलाय!"

१३ जानेवारी, मंगळवार

आज मी त्याच्याशी झुंजले.

पाच चाळीसला त्याने हात ठेवला. पाच बेचाळीसला मी काढला. अर्ध्या मिनिटात परत हात! मी काढला, त्याने ठेवला. असं चारदा. पलीकडे एक जिवंत माणूस बसलाय, तो चिडलाय, आणि मला ते इथे बसून कळतंय! पाचव्यांदा काढावा असं वाटलं, पण काल हॉस्पिटलच्या अधीक्षक मॅडमना कळवलं तेव्हा त्यांनी सांगितलंय, सावध करू नका, पुरावा गोळा करा. मग जिंकू दिलं त्याला. कक्षाचं तापमान बघितलं तर सव्वीस, नेमकं पाहिजे तेवढं. म्हणजे नुकसान करत नाही अजून. हात साफ करून घेतोय.

घरी आले तर बाबा सकाळपासून घुश्शात. नवरा हसत सांगत होता, "पत्ते खेळताना समोरचा खोड्या काढत होता म्हणे. नाश्तासुद्धा केला नाही." मी म्हटलं, बाबा, खेळ तो खेळ, इतकं मनाला लावून घेऊ नका. ते माझ्याकडे बघत राहिले.

१५ जानेवारी, गुरुवार

नेटचा पत्ता शोधला. इथेच घोडं पेंड खातंय. 'सेवा' ज्या नेटवरून येतो ते शहरातल्याच कंपनीचं, अर्ध्या शहराच्या घराघरात तेच. आमच्याही घरात तेच! म्हणजे तो मार्ग संपला.

१९ जानेवारी, सोमवार

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

दुपारी बारा वीस. मी पडद्यासमोरच होते. एक पिवळा हात, मग दुसरा, मग एकदम खंडीभर! तळमजल्यावरच्या औषधांच्या कोठाराची कुलपं उघडली. ऑपरेशन थिएटरचा हवेचा पंखा बंद. आत ऑपरेशन चालू! मी एका हाताने थिएटरला फोन लावला, दुसऱ्या हाताने एकेक हुकूम काढत गेले. अकरा हात. आधी थिएटर, मग कुलपं, मग बाकीचं. पंखा सहा मिनिटं बंद होता. डॉक्टर म्हणाले, रुग्णाला काही झालं नाही, पण अजून दहा मिनिटं गेली असती तर थांबावं लागलं असतं. एका माणसाचं पोट उघडं होतं.

खातं तेच, 'सेवा'. काही न काढता पळून गेला. मी तर वायरच उपटणार होते, पण त्याच लाइनवरून रक्तपेढीच्या फ्रिजचे अलार्म जातात. त्यांची दुसरी सोय झाल्याशिवाय उपटता येत नाही. पासवर्ड बदलायला टायवाल्याला त्याच्या मुख्य ऑफिसची परवानगी हवी. तोवर चोवीस तास कोणीतरी पडद्याला डोळे लावून बसायचं.

इतके दिवस मला त्या पहाटेच्या माणसाचं कौतुक वाटत होतं, आज लाज वाटली. तालीम संपली आणि खेळ सुरू झाला, एवढंच.

२० जानेवारी, मंगळवार

सहा पानी अहवाल दिला. शेवटचं वाक्य असं: 'वर्षभर पहाटे येणारी व्यक्ती आणि काल दुपारी आलेली व्यक्ती एकच असून, तिचं धाडस वाढत गेलेलं दिसतं.' अधीक्षक मॅडम कोणाची सहसा स्तुती करत नाहीत. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही शोधलंत? एकट्यांनी?" टायवाल्याने टाय सैल केला. तो पोलिसांत तक्रार द्या म्हणतोय, सगळं त्या पहाटेवाल्याच्या नावावर. मीही मान डोलावली.

येताना पेढ्यांचं दुकान लागलं, पण मनात म्हटलं, आधी दार बंद होऊ दे.

एक गोष्ट खटकली, ती लिहून ठेवते. आज पहाटेही तो आला, पाच चाळीसलाच. काल एवढा गोंधळ घालून आज परत तोच एक व्हॉल्व्ह आणि सात दहाला हात काढून गेला. असो.

२१ जानेवारी, बुधवार

उद्या संध्याकाळी दार बंद! फ्रिजच्या अलार्मची वेगळी सोय झाली, पासवर्ड बदलायची परवानगीही आली. जेवताना मी इतकी बोलत होते, की लेक म्हणाली, "आई, घास घे."

बाबांनी विचारलं, "बंद म्हणजे? अगदी बंद?"

"अगदी. बाहेरून कुत्रंसुद्धा येणार नाही."

"आणि सकाळचं?"

"सकाळचं काय, बाबा? वेळापत्रक आहे की."

"पाचव्याचं वेळापत्रक कोणी केलंय? ते नकाशावरून केलंय, सूनबाई. नकाशात जो पाइप आहे तो…"

तेवढ्यात टायवाल्याचा फोन आला आणि मी उठले. परत आले तोवर बाबा ताट उचलून गेले होते. नंतर त्यांच्या खोलीशी गेले तर म्हणाले, "परवा सकाळी तू लवकर जा." मी म्हटलं, तुम्हीच तर म्हणता, लवकर जाऊ नकोस. "परवा जा," म्हणाले, आणि दिवा मालवला.

२२ जानेवारी, गुरुवार

सहा वाजून पाच मिनिटांनी बंद केलं! फाटकाबाहेर बाकावर बसून मोबाइलवर पाहिलं, पान उघडत नाही. परत पाहिलं, नाही. कोणाला मिठी मारावी कळेना, शेवटी वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, "छान झालं, काय झालं?"

२३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी गजर वाजला आणि मी बंद करून झोपले. पंधरा दिवसांची झोप बाकी होती. माझीच चूक.

सहा वीसला पाचव्यावरच्या हेड सिस्टरचा फोन. "अगं, इथे एकवीसवर आलंय आणि उतरतंच आहे! पेटीतली बाळं ठीक आहेत, पण बाहेरच्या पाळण्यांत अकरा जणं आहेत. तुमचा खालचा माणूस म्हणतो, वेळापत्रकाप्रमाणे सगळं बरोबर आहे."

मी अंगावर स्वेटर चढवत धावले. रस्ताभर एकच विचार: दार मी बंद केलं आणि पहिल्याच सकाळी बाळं गारठली. तो आत राहून काहीतरी पेरून गेलाय. मला कळलं नाही. मला काही येत नाही.

पाचव्यावर पोचले तर आयांनी बाळं छातीशी धरली होती, नर्सा पांघरुणं आणत होत्या. सिस्टर म्हणाली, "आता चढतंय. चोवीस झालं. ते आत आहेत ना." मी विचारलं, कोण? तिने मागच्या यंत्राच्या खोलीकडे बोट केलं.

आत बाबा. पायांत घरच्या सपाता, स्वेटर उलटा. गुडघ्यांवर बसून मोठ्या पान्याने पाइपावरचा हातव्हॉल्व्ह उघडत होते. मला बघून थांबले नाहीत. "अजून एक आटा," म्हणाले, फिरवला, पाइपावर तळहात ठेवला आणि मग उठले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

ते म्हणाले, "पाच चाळीसला आत जाता आलं नाही. मग चालत आलो. वॉचमन ओळखतो मला."

मी तिथल्याच बादलीवर बसले, पालथी घालून. पंधरा दिवस मी ज्याला जगभर शोधत होते, तो माझ्याच घरात भिंतीपलीकडे बसून बाळांना ऊब देत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि मधेच आठवलं, की मी सहा पानं लिहून दिली आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी.

२४ जानेवारी, शनिवार

आज बाबांनी सगळं सांगितलं. मी खुर्ची घेऊन त्यांच्या खोलीत बसले आणि या वेळी फोन बाहेर ठेवला.

सहाला ओपीडीचं हवेचं यंत्र सुरू होतं आणि सगळं गरम पाणी पिऊन टाकतं. पाचव्याचा कक्ष पाइपाच्या टोकाला. शिवाय एकदा दुरुस्तीत तिथला पाइप बारीक बसवला गेला, तो नकाशात कधीच आला नाही. म्हणून बाबा पंचवीस वर्षं वीस मिनिटं आधी व्हॉल्व्ह हाताने उघडायचे आणि ओपीडी तापली की बंद करायचे. सॉफ्टवेअर आलं तेव्हा टायवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, नकाशाप्रमाणे बरोबर आहे. पण पासवर्ड त्यानेच दिला, "काही लागलं तर घरून बघा, मला फोन करू नका." निवृत्त झाल्यावर नव्या माणसाला सांगितलं, तो दोन महिन्यांत सोडून गेला.

"मग पहिल्या थंडीत सिस्टरचा फोन आला. म्हटलं, आजचा दिवस करू. मग उद्याचा. मग सवय झाली."

"मी तर दोन वर्षांपासून तिथे आहे, बाबा. मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तू लागलीस त्या आठवड्यात. तू म्हणालीस, बाबा, आता सगळं आपोआप होतं."

मला आठवतसुद्धा नाही. नक्की म्हटलं असणार.

मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि खोटं कशाला बोलू. नंतर तुला सांगता आलं असतं. पण तू ते दोन मिनिटांत नीट केलं असतंस, आणि मग मी सकाळी उठून काय केलं असतं?"

मी त्यांच्या पायांवर पांघरूण घातलं. थंडी तशी नव्हती.

नवरा संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे कोणाला कळता कामा नये. तक्रार गेली तर दुपारचंही बाबांच्या गळ्यात पडेल. एकाहत्तराव्या वर्षी पोलीस चौकी? तू गप्प बस, पासवर्ड बदललाय, संपलं." आपलेच दात, आपलेच ओठ. पण गप्प बसले तरी माझा पहिला अहवाल बोलतोय की! त्यात लिहिलंय, दोघं एकच.

आणि पाचव्याचं वेळापत्रक का बदलायचं, हे बाबांचं नाव न घेता सांगू कशी? मी हात ठेवते म्हटलं, तरी आज सकाळी ते परत चालत जाऊन पाना फिरवून आले.

२५ जानेवारी, रविवार

बाबा पडवीत पेपर वाचत होते. मी विचारलं, काय करू? पेपर खाली न करता म्हणाले, "जे आहे ते लिही. पाइप नकाशात दाखवला नाही म्हणून हे सगळं झालं. आता मला नकाशाबाहेर ठेवू नकोस."

लिहितेय. दुपारभर दोन्ही माणसांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या. एक जण वर्षभर रोज एकच व्हॉल्व्ह उघडतो आणि एकदाही हात काढायला विसरत नाही. दुसरा सहा मिनिटांत अकरा ठिकाणी हात ठेवून पळतो आणि त्याचं नेट आपल्या शहरातलं नाहीच. हे मला वीस तारखेलाच दिसत होतं! 'असो' लिहून पुढे गेले मी. पुरावा इतका स्वच्छ आहे, की लिहिताना आनंद होतोय. भीतीही वाटतेय, पण आनंद जास्त.

२७ जानेवारी, मंगळवार

बैठक. अधीक्षक मॅडम, टायवाला, सिस्टर, मी. बाबा बाहेर बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून.

मी उभी राहूनच सांगितलं, बसून जमलं नसतं. "माझा पहिला अहवाल चुकीचा आहे. येणारे दोन आहेत. पहिले माझे सासरे आहेत." मग नोंदी ठेवल्या. आवाज कापत होता, पण पाइपाचं सुरू झाल्यावर सुरळीत आला.

टायवाला म्हणाला, "शेवटी विनापरवाना शिरले ते शिरलेच. घरचा माणूस आहे म्हणून तुम्ही…"

सिस्टर म्हणाली, "तीन हिवाळे माझा कक्ष तापला, तेव्हा तुमची परवानगी कुठे होती?"

मॅडमनी हात वर करून दोघांना थांबवलं. मला विचारलं, "त्यांनी केलं ते चूक आहे की नाही?"

"आहे. त्याच दारातून दुसराही आला. ते दार उघडं आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी सांगितलं नाही." हे वाक्य म्हणताना मला दाराच्या काचेतून त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं.

मग मॅडम टायवाल्याकडे वळल्या. "आणि दार ठेवलं कोणी? पासवर्ड दिला कोणी? पाइपाचं ऐकलं नाही कोणी?" टायवाला पाणी प्यायला. पूर्ण ग्लास.

ठरलं ते असं. तक्रार फक्त दुपारच्या माणसावर. बाबांनी डोक्यातलं सगळं मला लिहून द्यायचं आणि पुन्हा कधी सिस्टीमला हात लावायचा नाही, तशी सही. पाचव्याचं वेळापत्रक गुरुवारी बदलायचं. आणि दार खरंच बंद झालंय का, याची चाचणी हवी. "कंपनीचा माणूस आपल्याच दाराला धक्का मारून बंद आहे म्हणणार, त्याला अर्थ नाही," मॅडम म्हणाल्या. "ज्याला आतली वाट माहीत आहे आणि ज्याला मनापासून आत यायचंय, त्याने प्रयत्न करायला हवा."

बाबांना लेखी परवानगी मिळाली. शुक्रवारी, पाच चाळीस ते सात दहा. तीन वर्षांत पहिल्यांदा रीतसर! मॅडमनी सही केली तेव्हा बाबांनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

२९ जानेवारी, गुरुवार

बाबांनी सांगितलेल्या एकूण चौदा गोष्टी निघाल्या! पाचवा मजला त्यातली फक्त एक. दुसऱ्या मजल्यावर एक झडप उलटी बसलीय आणि पडद्यावर 'उघडी' दिसते तेव्हा ती बंद असते. दोन वर्षं मी तिला उघडी समजतेय! मी लिहीत गेले, ते सांगत गेले, लेक चहा आणत गेली. शेवटी घसा बसला त्यांचा.

नवं वेळापत्रक घातलं. पाच चाळीसला व्हॉल्व्ह आपोआप सत्तर, सात दहाला परत. मला खरंच दोन मिनिटं लागली. घरी ते सांगितलं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

पाचला निघाले. बाबा टेबलाशी बसलेच होते, अंघोळ करून, चष्मा पुसत. मी म्हटलं, "बाबा, कच खाऊ नका. जेवढ्या वाटा माहीत आहेत तेवढ्या सगळ्या करून बघा. माझ्यावर दया नको." ते म्हणाले, "दया कसली. येतोच बघ मी."

कंट्रोल रूममध्ये अधीक्षक मॅडम स्वतः आल्या होत्या, शाल गुंडाळून. पाच चाळीस. व्हॉल्व्ह आपोआप हलला, सत्तरवर. शेजारी पिवळं काही नाही. आणि मग बाहेरच्या दाराच्या नोंदीत धक्के दिसायला लागले. 'सेवा', नाकारला. 'सेवा', नाकारला. मग जुन्या मिस्त्रींचं खातं, नाकारला. मग बॉयलरवाल्यांची जुनी लाइन, जी मलाही माहीत नव्हती! नाकारला. मॅडम खुर्ची पुढे ओढून बघायला लागल्या. पाच पन्नास, सहा, सहा वीस. हटायचं नाव नाही! एक वाट बंद दिसली की मिनिटभर शांत, आणि मग दुसरी. मी मनात बाबांना म्हणत होते, अजून एक बघा, आणि त्याच वेळी म्हणत होते, सापडू नये. ओपीडीचं यंत्र घरघरत सुरू झालं. पाचव्याचं तापमान सव्वीस. सिस्टरचा वरून फोन, "काही नाही, सहज केला. छान आहे इथे."

सहा बावन्नला शेवटचा धक्का. त्यानंतर काहीच नाही. सात दहाला व्हॉल्व्ह आपणहून परत गेला.

माझा मोबाइल वाजला. बाबा.

"नाही गं येता येत," ते म्हणाले. "सगळीकडून बघितलं. कुठूनच नाही."

"नक्की, बाबा?"

"नक्की. चांगलं केलंस." मग विचारलं, "वर किती आहे?"

"सव्वीस."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मॅडमनी कागदावर वेळ घालून सही केली, माझा खांदा दाबला आणि गेल्या. मी टाळी वाजवणार होते, इतके दिवस तेच ठरवलं होतं. वाजवली नाही. पण मन भरून आलं होतं, आणि अभिमानही वाटत होता, त्यांचा आणि माझा, दोन्ही.

साडेनऊला नवऱ्याचा फोन आला. आवाज घाबरलेला. "बाबा परत जाऊन झोपलेत. दोनदा जाऊन बघून आलो, गाढ झोपलेत. असे कधी झोपत नाहीत. डॉक्टरला बोलवू का?"

मी म्हटलं, "नको. पडदा ओढून घे आणि झोपू दे त्यांना."